मी धरून सातजण

"बाबा, तुम्ही गाऊ नका," असं माझी मुलगी म्हणाली नाही. ती चांगल्या वळणाची आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गायचं टेन्शन घेऊ नका." यातलं कुठलं वाक्य जास्त झोंबतं, हे ज्याला कधी दुसरं वाक्य ऐकावं लागलंय त्यालाच कळेल.

प्रसंग असा की माझ्या बायकोचा पन्नासावा वाढदिवस तोंडावर आला होता. मुलीने बेत आखला होता. घरातल्या सगळ्यांनी आईच्या आवडीच्या एका जुन्या गाण्याची एकेक ओळ गाऊन पाठवायची, जावई त्या ओळी जोडणार आणि वाढदिवसाच्या सकाळी ते सगळं आईला दाखवणार. मेहुण्याला एक ओळ होती. मेहुणीला एक होती. पाण्याविना चालू राहिलेल्या पंपासारखा ज्याचा आवाज आहे त्या माझ्या साडूलाही एक होती. मला मात्र गाणं संपल्यावर कॅमेऱ्याकडे बघून "वाढदिवसाच्या शुभेच्छा" एवढं म्हणायचं होतं. साडूला ओळ आणि नवऱ्याला नाही, हा न्याय मी मुकाट्याने गिळला. निदान फोन ठेवेपर्यंत तरी गिळला.

बायको मुलीकडे राहते. बाळंतपणासाठी म्हणून तीन महिन्यांकरता गेली होती. ते बाळ आता शाळेत जातं आणि फोनवर मला विचारतं, आजोबा, तुम्ही कुणाकडे राहता? मधे काही घडलं असंही नाही. आधी बाळाचे दात येत होते, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग बाळाला आजीशिवाय झोप येईना. आमचं भांडण झालेलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक आवाज खाली आणून विचारतात. भांडण झालं असतं तर समेट तरी करता आला असता. दर रविवारी तिचा फोन येतो. "सगळं ठीक ना?" ती विचारते. "अगदी," मी सांगतो. मग आम्ही दोघं हवामानाकडे वळतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा किलो खरंच किलो आहे का, पंपावरचा लिटर पुरता लिटर आहे का, हे तपासण्यात माझी हयात गेली. बाजारातून मी चालू लागलो की पुढच्या चार दुकानांतले तराजू आपोआप सरळ होतात. अशा माणसाला घरच्यांनी सुरात कमी भरतोस म्हणून बाजूला ठेवावं, हे मनाला लागणारच.

ऑफिसात मी हे कुणाला सांगणार नव्हतो. पण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला न सांगताच सगळं कळतं. आम्ही त्याला 'अपडेट' म्हणतो, कारण दुखणं संगणकाचं असो की गुडघ्याचं, त्याचा सल्ला एकच असतो: अपडेट करून बघा. तो म्हणाला की साहेब, हल्ली सुरात गातं कोण? आधी गायचं, मग सॉफ्टवेअर ते सुरात आणतं. एवढंच नाही, तुमच्या एका आवाजावरून वरचे, खालचे, जाडे, बारीक असे आणखी आवाज तयार करून मागे उभे करतं, अख्खा वृंद होतो. मी गंभीर झालो. कमी भरणारं माप पुरं भरल्याचं दाखवणारं यंत्र म्हणजे आमच्या कायद्याप्रमाणे सरळ गुन्हा. मी त्याच्याकडून नाव लिहून घेतलं आणि घरी जाऊन ते संगणकावर उतरवायला लावलं.

असं सॉफ्टवेअर घरात आणणं म्हणजे मुलीसाठी स्थळ बघण्याइतकं अवघड काम आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी मी यंत्रमानव नाही अशी खूण करून द्यावी लागली. मग परवलीचा शब्द. त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि तो सोपा नको. तो मलाही सोपा जाणार नाही याची काळजी घेतल्यावरच तो मंजूर झाला. मग सुरक्षेसाठी एक प्रश्न: तुमच्या सर्वांत जवळच्या मित्राचं नाव काय? या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसलो. उत्तर रिकामं ठेवलं तर पुढे जाता येत नव्हतं. शेवटी साडूचं नाव टाकलं. पुढे दोनच दिवसांत परवलीचा शब्द विसरलो, तेव्हा यंत्राने तोच प्रश्न विचारला आणि मी काही विचार न करता बायकोचं नाव लिहिलं. उत्तर चुकीचं आहे, असं ते म्हणालं. तीनदा लिहिलं, तीनदा म्हणालं. मग मी नव्याने खातं उघडलं.

मायक्रोफोन आला, त्याची वायर आली, वायर ज्यात जाते ती डबी आली आणि ती डबी संगणकाला ओळखीची वाटावी म्हणून आणखी एक सॉफ्टवेअर आलं. अपडेटने सल्ला दिला की खोलीत आवाज घुमतो, त्यामुळे कपाटात शिरून गा. कपाट कपड्यांनी भरलेलं असलं की आवाज कसा मखमलीसारखा येतो. मी कपाटात डोकं आणि मायक्रोफोन घालून गायलो, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. अपडेटला फोन केला. तो म्हणाला, कपाट नीट भरलेलं नसेल. मी बघितलं. माझी बाजू भरलेली होती. दुसऱ्या बाजूला नुसते हँगर होते. बायकोचे कपडे एकदम गेले नव्हते. थंडीचे एकदा, उन्हाळ्याचे एकदा, जो कोणी तिकडे जाईल त्याच्याबरोबर चार-चार करून गेले, त्यामुळे ती बाजू कधी रिकामी झाली हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिथे दोन रजया टांगल्या. घुमणं थांबलं.

या सुमारास वरच्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांना जिन्यात कुठूनशी बातमी लागली. त्यांनी सांगितलं की आवाज गळ्यातून येतो ही लोकांची अंधश्रद्धा आहे, तो दातांतून येतो, आणि तिथेच, जिन्यातल्या उजेडात, मला तोंड उघडायला लावलं. खालून भाजी घेऊन येणारं एक कुटुंब थांबून बघत होतं. डाव्या बाजूची खालची दाढ सूर गळू देते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. न्हाव्याचं मत वेगळं होतं. त्याच्या मते कानावरचे केस कमी केले तर स्वतःचं गाणं नीट ऐकू येतं. त्याने ते कमी केले. मला माझं गाणं नीट ऐकू आलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा मुलीची बाजू कळली.

सॉफ्टवेअरमध्ये आपला आवाज पडद्यावर आडव्या रेघांमधून चिखलाच्या गोळ्यांसारखा पसरलेला दिसतो. प्रत्येक गोळा आपल्या रेघेवर बसायला हवा. माझे गोळे रेघेखाली लोंबत होते. गोळ्यावर बोट ठेवलं की किती कमी आहे तो आकडा येतो. माझा पहिलाच सूर शंभरात अडतीसने कमी निघाला. एवढ्या घटीवर मी दुकानं सीलबंद केली आहेत. क्षणभर वाटलं, कायद्याला धरून माझ्या गळ्यालाही लाखेचं सील लावावं.

पण तिथेच दुरुस्तीचं एक बटण होतं. ते मी पूर्ण फिरवलं. सगळे गोळे खाडकन रेघेवर बसले आणि कपाटातून एखादी लिफ्ट गाऊ लागावी तसा आवाज आला. मी यंत्रमानव नाही असं लिहून देऊन ज्या दारातून आत शिरलो होतो, त्याच दारातून यंत्रमानव होऊन बाहेर पडलो. बटण अर्ध्यावर आणल्यावर जरा माणसासारखं वाटू लागलं. मग सॉफ्टवेअरने विचारलं, सूर मेजर की मायनर? कायद्यात एक सज्ञान, एक अज्ञान, हे मला ठाऊक होतं. वयाचा विचार करून मी मेजर निवडलं. पुढचा प्रश्न होता, सोबत किती आवाज? मी सहा लिहिले. का सहा, विचाराल तर सांगता येणार नाही. आकड्यांची पट्टी सहापर्यंतच होती.

बटण दाबलं आणि खोलीत माणसं आली.

दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. मी आधी मागे वळून बघितलं. एक जाडा खर्जातला आवाज होता, त्याच्या मागे दोन मधले, दोन वरचे आणि एक, कुठल्याशा बटणाला माझा चुकून धक्का लागल्यामुळे, सरळसरळ बाईचा. त्या सगळ्यांमध्ये माझा मूळ आवाज. तो बंद कसा करायचा हे मला सापडत नव्हतं, म्हणून तोही आपला चालत होता. मी धरून सातजण. गाण्याची दोन कडवी संपली आणि घर एकदम इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू आली. मी पुन्हा लावलं.

काम खरं तर तिथे संपायला हवं होतं. माझं गाणं तयार होतं. पण मी मुलीला काही पाठवलं नाही. आणखी जरा सफाई हवी, असं मी स्वतःला सांगितलं. रोज ऑफिसातून आलं की चहा टाकायचा आणि मंडळींना लावायचं, असा क्रम पडला. हेडफोनने कान दुखायचे, म्हणून स्पीकर आणला. जाड्या आवाजाला मी 'हवालदार' म्हणू लागलो. बाईंना 'बाई'च म्हणायचो, मर्यादा ठेवून. कधी कधी गाण्याच्या मधे माझ्याच्याने बोललंही जायचं, की हवालदार, आज जरा जपून, आणि मायक्रोफोन चालू असला तर सहाजण माझ्याबरोबर तेच म्हणायचे. त्यावर मी हसायचो. मग आम्ही सातजण हसायचो.

असं चाललं असताना दाराखालून इमारतीच्या समितीची नोटीस आत आली. आपल्या सदनिकेत मंजूर संख्येपेक्षा अधिक व्यक्ती वास्तव्य करीत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून, सदर व्यक्तींची माहिती न दिल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. खाली सेक्रेटरींची सही होती. असली वाक्यं मी स्वतः लोकांना लिहीत आलोय. ती आपल्याला आली की वाचायला किती वेळ लागतो, हे तेव्हा कळलं.

सेक्रेटरी भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याशी बोलताना समोरचा माणूस आपोआप अर्जदार होतो. मी सांगितलं की माझ्या घरी कोणी नाही. त्यांनी विचारलं, कोणी नसल्याचा पुरावा काय? मी म्हटलं, नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा देणार? ते म्हणाले, तोच तर प्रश्न आहे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढला आणि दोन पुरुषांमध्ये बोलावं तसं हळू बोलले.

"त्यात एक महिला आहे, असं समजतं."

"ती मीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत लावला. शनिवारी दुपारी पाहणी ठरली.

पाहणीला तिघं आली. सेक्रेटरी, त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवणारे खजिनदार, आणि साक्षीदार म्हणून माझ्या खालच्या घरातल्या बाई. बाई पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लोक नुसते जोडून द्यायचे, आपण मधे बोलायचं नाही, अशी नोकरी. त्यांना इमारतीत एक्स्चेंजबाई म्हणतात. आवाज त्यांनीच मोजले होते आणि एकही चुकला नव्हता.

दुसऱ्याच्या दुकानात शिरून त्याची मापं उलटीपालटी करणं हा माझा पेशा. माझ्या घरात शिरून कोणी तेच करत असताना हात कुठे ठेवायचे, हे मला कळेना. मी ते पाठीमागे बांधले. आमचे दुकानदार तसंच करतात. सेक्रेटरींनी पलंगाखाली वाकून बघितलं. न्हाणीघरात गेले आणि तिथून मोठ्याने सांगितलं, दात घासायचा ब्रश एक. टॉवेल एक. खजिनदारांनी मान हलवली. स्वयंपाकघरात ताट एक धुतलेलं, वाटी एक, कप एक. बाकीची भांडी वरच्या फळीवर होती. त्यांनी बोट फिरवलं आणि बोटावर आलेली धूळ खजिनदारांना दाखवली. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या, पैकी तीनवर इस्त्रीचे कपडे. मग झोपायच्या खोलीत ते थांबले.

"उशा दोन," ते म्हणाले.

"एक मिसेसची."

"वापरात आहे?"

"नाही."

"अभ्रा तर धुतलेला दिसतो."

एक्स्चेंजबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

शेवटी मी त्यांना कपाटापाशी नेलं, संगणक लावला आणि गाऊन दाखवलं. हवालदार आले, बाई आल्या, सगळे आले. खजिनदारांनी मान हलवायची थांबवली. सेक्रेटरींचा विश्वास बसेना; स्वतः तपासल्याशिवाय ते मोजणी मान्य करत नाहीत. त्यांनी कपाटात डोकं घातलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "ठराव मंजूर." सात सेक्रेटरींनी एका सुरात ठराव मंजूर केला. समितीत इतकं एकमत त्यांनी आपल्या कारकिर्दीत बघितलेलं नव्हतं. त्यांनी आणखी दोन ठराव मंजूर केले, एक पाण्याच्या टाकीचा आणि एक जिन्याच्या रंगाचा, आणि मगच ते रजयांमधून बाहेर आले. चेहरा उजळलेला होता. निर्णय त्यांनी उभ्यानेच दिला: सदनिकेत एकच इसम राहतो, अन्य कोणीही राहत नाही, येत-जातही नाही, याबद्दल समितीची खात्री पटली आहे. माझा हात हातात घेऊन त्यांनी अभिनंदन केलं.

एक्स्चेंजबाई मागे राहिल्या. दारात उभं राहून त्या म्हणाल्या की तक्रार काही त्यांनी केली नव्हती. जिन्यात सेक्रेटरी भेटले, तेव्हा त्या सहज एवढंच बोलल्या होत्या, की वर रोज संध्याकाळी इतकी माणसं जमतात, गातात, हसतात, आणि खाली आपण बसलेले असतो, पण कधी कोणी या म्हणत नाही. त्याची सेक्रेटरींनी नोटीस केली. मी चहा टाकला. फळीवरून दुसरा कप काढून धुतला.

चहा पिताना त्यांनी एकेकाची चौकशी केली. हवालदार त्यांना वाटले होते तसेच निघाले. बाई जरा शिष्ट वाटल्या होत्या. "आणि एक जण होता," त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या जरा मागून यायचा. मधेच खाली घसरायचा, मग पुन्हा धावत येऊन गाठायचा. तो कोण?"

"तो मी," मी म्हटलं. "म्हणजे, मूळ आवाज. तो बंद करायचा राहिलाय."

"मी त्याचीच वाट बघायचे," त्या म्हणाल्या. "आज गाठतोय की नाही, म्हणून."

त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं असणार. मला मात्र ते दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरलं. इतकी दुरुस्ती करूनही खालच्या मजल्यावर माझं घसरणं ऐकू जात होतं. मी पुस्तिका काढली, अपडेटला दोनदा फोन केला, शेवटी ते बटण शोधून काढलं आणि मूळ आवाज बंद केला. उरले सहा. रेघेवर बसलेले, काठोकाठ भरलेले, सील लावून द्यावेत असे. ते मी मुलीला पाठवून दिले.

मुलीचा लगेच निरोप आला. बाबा, हे कसले भारी आहेत, कोण लोक आहेत हे, तुम्ही कुठला ग्रुप लावलात का, आईला किती आनंद होईल. मी खरं लिहायला घेतलं होतं. मी एकटाच आहे, असं अर्धं लिहिलंही. मग साडू आठवला. ते पुसलं आणि लिहिलं, आहेत इथले काही जण.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी ऑफिसात बायकोचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी आधी घाबरलो. जिन्यात जाऊन फोन घेतला. ती म्हणाली की सगळ्यांचं ऐकलं, पण तुमचं तीनदा ऐकलं. कोण कोण आहेत हो ते? मी हवालदारांबद्दल सांगितलं. एक बाई आहेत, सभ्य आहेत, असं सांगितलं. मधल्या दोघांना मी तिथल्या तिथे बँकेत नोकरीही लावून दिली. रोज येतात का, तिने विचारलं. मी म्हटलं, रोज. संध्याकाळी. चहा होतो, हसणं होतं. या शेवटच्या उत्तरातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे माझं मलाच त्या वेळी विचित्र वाटलं.

"बरं झालं हो," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. "मला तुमची फार काळजी वाटायची. नातीची शाळा आता मार्गी लागलीय, तेव्हा मी परत यायचं म्हणत होते. लेक तिकिटाचंसुद्धा बघत होती. पण तुमचं तिथे एवढं चांगलं चाललंय तर घाई नाही ना? मग राहते आणखी. उन्हाळ्यापर्यंत बघू."

आमच्या ऑफिसच्या जिन्यात कितीही हळू बोललं तरी आवाज घुमतो.

"राहा की," मी म्हटलं. "इथे काही अडचण नाही."

त्या दिवशी तपासणीला जायचं होतं, ते मी अपडेटवर टाकलं. डोकं दुखतंय म्हणालो. त्याने काय सल्ला दिला असेल ते सांगायला नको.

घरी आल्यावर बूट न काढताच संगणक लावला. गाणं सुरू केलं आणि एकेकाला बंद करत गेलो. आधी वरचे दोघं गेले. मग बँकेतले दोघं. बाईंना बंद करताना जरा संकोच वाटला. शेवटी हवालदार गेले आणि खोलीत काहीच उरलं नाही. मग मूळ आवाजाचं बटण दाबलं.

तो एकटा, शेवटपर्यंत, मी कधी ऐकला नव्हता. आधी कपाटाचं दार करकरलं. मग श्वास. मग पहिली ओळ, इतकी वरून धरलेली की दुसऱ्याच शब्दाला माणसाचा पाय घसरावा. मधे एक खोकला. खोकल्यानंतर गाणारा थांबलेला नव्हता. एक शब्द सोडून पुढचा धरला होता. दुसऱ्या कडव्यात तो शब्दही विसरला होता आणि त्या जागी त्याने नुसतं हं-हं करून वेळ मारून नेली होती. शेवटपर्यंत मात्र गेला होता. मी त्यातलं काही दुरुस्त केलं नाही. मुलीला पाठवलं नाही, सरळ बायकोला पाठवलं. पाठवलं आणि मग बूट काढले.

दिवे लागायच्या सुमाराला तिचा फोन आला.

"हे काय पाठवलंत?"

"मूळ."

"बाकीचे कुठे गेले?"

"बाकीचे नव्हतेच. तेही मीच होतो. सॉफ्टवेअर आहे ते."

"ती बाईसुद्धा?"

"तीसुद्धा."

ती हसायला लागली. हसता हसता मधेच थांबली.

"म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी..."

"कोणी येत नाही," मी म्हटलं. "मी एकटा असतो."

समितीने हे तिघांच्या साक्षीने कधीच मान्य केलं होतं, पण माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, आणि मला ते जमिनीवर जड वस्तू ठेवावी तसं हळू ठेवावं लागलं. पलीकडे नात काहीतरी विचारत होती. बायको तिला म्हणाली, थांब जरा, आजोबांशी बोलतेय.

"दर रविवारी विचारते मी तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"अगदी, म्हणता तुम्ही."

"हो."

तिने नाक पुसल्याचं मला कळलं आणि मला कळलंय हे तिला कळलं. नंतर तिचा आवाज बदलला. मी घरात काही उलटंसुलटं करून ठेवलं की लागतो तो लागला.

"पहिली ओळ फार वरून धरलीत. म्हणून पुढे घसरता. खाली धरायची. आणि शब्दाच्या मधे श्वास घेऊ नका. आल्यावर बघू मी."

कधी, ते मी विचारलं नाही. मी विचारलं, "खाली म्हणजे किती खाली?"

तिने फोनवरच पहिली ओळ गुणगुणून दाखवली. मी तिच्या मागून धरली. ती किती कमी भरली, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

"पुन्हा," ती म्हणाली.